ओल्या मातीत तहानलेलं रोप: एका एचेव्हेरियाचं प्रकरण

आत्याने फोटो पाठवला तेव्हा रोप तिच्या घरी येऊन तेरा आठवडे झाले होते. खाली तिने लिहिलं होतं, "पानं सुरकुतली आहेत गं. आता रोज पाणी देतेय, तरी याची तहान भागत नाही." मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले, कारण त्यात एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी होत्या. पानांवर सुरकुत्या, म्हणजे रोपाला पाणी मिळत नव्हतं. आणि कुंडीतल्या खड्यांवर हिरवट शेवाळ, म्हणजे पाणी कधी आटतच नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच.

रोप एचेव्हेरिया एलेगन्स. चमच्यासारखी जाडसर, निळसर हिरवी पानं आणि त्यांचं उमललेल्या कमळासारखं चक्र. मूळ मेक्सिकोतल्या कोरड्या, खडकाळ भागातलं. टेबलावर ठेवायच्या छोट्या सक्युलंटमध्ये, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांमध्ये, हे फार लोकप्रिय आहे, कारण ते दुकानात दिसतं तेव्हा अगदी सुबक, आटोपशीर असतं. तो आटोपशीरपणा भरपूर उजेडामुळे आलेला असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी काय काय झालं होतं

मी आत्याकडे गेले आणि रोपाला हात लावण्याआधी तिच्याकडून सगळं क्रमाने ऐकून घेतलं. रोप भेट म्हणून आलं होतं. कुंडी पांढरी, चकचकीत, मुठीत मावेल एवढी, आणि तिला खाली भोक नव्हतं. वर रंगीत खडे चिकटवलेले. जागा पुस्तकांच्या कपाटातला मधला कप्पा, खिडकीपासून सुमारे तीन मीटरवर. दर चार दिवसांनी चहाचे दोन चमचे पाणी, म्हणजे साधारण दहा मिलिलिटर, आणि शिवाय रोज सकाळी पानांवर फवारा.

पाचव्या आठवड्यात रोप उंच व्हायला लागलं. पानांमधली अंतरं वाढली, खालची पानं मान टाकल्यासारखी झुकली. आत्याला वाटलं, रोप छान वाढतंय. असं वाटणं साहजिक आहे. इतर झाडांच्या बाबतीत उंची म्हणजे बहुतेकदा वाढच असते. पण चक्राकार पानांच्या सक्युलंटमध्ये खोड दिसायला लागलं, चक्र विस्कटलं आणि पानं फिकट होऊन खाली वळली, तर ते रोप उजेड शोधत असतं. अंधारातून बाहेर पडायला खोड भराभर लांबवायचं, हा वनस्पतींचा जुना उपाय आहे. त्यात असलेला साठा खर्च होतो, नवा जमत नाही.

याच सुमारास आत्याने एक दिवस ओल्या कापडाने पानं पुसली. पानांवर पांढरट भुकटीसारखं काही होतं, ती धूळ आहे असं तिला वाटलं. ती धूळ नव्हती. एचेव्हेरियाच्या पानावर मेणाचा एक बारीक थर असतो. तो पाणी आत टिकवतो आणि प्रखर ऊन परतवतो. एकदा पुसला गेला की त्या पानावर तो पूर्वीसारखा परत येत नाही. याचा परिणाम पुढे दिसला.

अकराव्या आठवड्यात खालच्या पानांवर सुरकुत्या आल्या आणि आत्याने चार दिवसांऐवजी रोज पाणी द्यायला सुरुवात केली. तेराव्या आठवड्यात दोन पानं नुसत्या बोटाच्या स्पर्शाने गळून पडली.

तपासणी

सुरकुतलेलं पान बघून थेट पाण्याकडे धावणं ही इतकी सार्वत्रिक प्रतिक्रिया आहे की मी हल्ली आधी पान दाबून बघते. तहानेने सुरकुतलेलं पान पातळ आणि मऊ होतं, चिमटीत वाकतं, पण त्याचा रंग अपारदर्शकच राहतो आणि ते खोडाला घट्ट धरून असतं. कुजीचं पान वेगळं. ते पिवळसर, काचेसारखं अर्धपारदर्शक होतं, लिबलिबीत लागतं आणि ओढायच्या आधीच सुटून येतं. तिसराही एक प्रकार आहे, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं: अगदी तळची एकदोन पानं कागदासारखी वाळतात, कारण रोप त्यांतलं पाणी वरच्या नव्या पानांना पुरवतं.

आत्याच्या रोपावर पहिले दोन्ही प्रकार होते. तळाची तीन पानं काचेसारखी, मधली सगळी पातळ आणि सुरकुतलेली. मी मातीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसली. वरचा बोटभर थर ओलसर होता, आणि काडीचं टोक काळं, ओलं, साचलेल्या गटारासारखा वास घेऊन बाहेर आलं. आता कुंडी रिकामी करून बघण्याला पर्याय नव्हता.

खडे सुरीने उचकटावे लागले. रोप बाहेर काढलं, तर मुळांच्या गड्ड्याभोवती रोपवाटिकेतली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, छोटी गुंडाळी तशीच होती. दुकानातून आलेल्या बहुतेक लहान सक्युलंटमध्ये ही सापडते. रोपवाटिकेत ती सोयीची असते, पण घरात ती खोडाच्या अगदी गळ्याशी ओला बोळा बांधल्यासारखी बसून राहते. कुंडीच्या तळाशी गोट्यांचा थर होता आणि त्यात पाणी साचलेलं होतं. मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला.

गोट्यांच्या थराबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण भोक नसलेल्या कुंडीवरचा उपाय म्हणून तो सर्रास सांगितला जातो. पाण्याने भिजलेला स्पंज ताटात ठेवला तर त्याचा वरचा भाग हलका होतो, पण तळाचा भाग गच्च ओलाच राहतो. मातीही तशीच वागते. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि स्वतः पूर्ण भिजल्याशिवाय ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत सोडत नाही. म्हणजे गोटे घातल्याने गच्च ओला थर नाहीसा होत नाही, तो फक्त वर, मुळांच्या जवळ सरकतो. आणि गोट्यांत उतरलेल्या पाण्याला भोक नसेल तर जायला वाट नसतेच.

मुळं मरतात ती पाण्याने नव्हे, हवा न मिळाल्याने. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो, आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि त्या अर्धमेल्या मुळांवर पिथियमसारखे, ओल्यात फोफावणारे रोगजंतू बसतात. मूळ मेलं की पाणी शोषणारं कोणी उरत नाही. मग पान सुरकुततं. माळी पाणी वाढवतो. उरलेली मुळंही जातात. ओल्या मातीत रोप तहानेने मरतं ते असं.

मूळ कारण कुठलं?

इथे थांबून "पाणी जास्त झालं" असं निदान करता आलं असतं. मला ते अर्धवट वाटतं. चार दिवसांनी दोन चमचे, हे पाणी मुळात फार नव्हतं. ते संपत नव्हतं, हा प्रश्न होता.

मी फोनवरच्या उजेड मोजणाऱ्या अॅपने अंदाज घेतला. असे अॅप नेमके नसतात, पण तुलनेपुरते चालतात. कपाटाच्या कप्प्यात सकाळी अकरा वाजता १४० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). त्याच वेळी पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर, थेट ऊन नसताना, ६,००० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन कट्ट्यावर पडलं तेव्हा आकडा ४०,००० च्या वर गेला. उघड्यावर भर दुपारी तो एक लाखापर्यंत जातो. आत्या म्हणाली, "पण इथे तर चांगला उजेड आहे, मी इथे बसून वाचते!" तिचं खरंच होतं. आपले डोळे अंधुक उजेडात लगेच जुळवून घेतात, त्यामुळे चाळीस पट फरकसुद्धा डोळ्यांना किरकोळ वाटतो. रोपाकडे अशी सोय नाही.

आणि या कुळाचा पाण्याचा सगळा हिशेब उजेडाशी बांधलेला आहे. एचेव्हेरिया आपल्या ओळखीच्या पानफुटीच्या कुळातली, क्रॅसुलेसी कुळातली. या वनस्पती पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड पानात मॅलिक आम्ल म्हणून साठवतात, आणि दिवसा रंध्रं मिटून, उजेडाच्या बळावर त्याची साखर करतात. १८१३ साली बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव लागतं असं नोंदवलं होतं. ते रात्री साठलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं, त्याचाच हा पुरावा. कप्प्यातल्या १४० लक्समध्ये हा व्यवहार जेमतेम चालतो. रोप पाणी पीत नाही, माती वाळत नाही, आणि चार दिवसांनी ठरल्याप्रमाणे आणखी दोन चमचे पडतात.

नंतर मी खात्रीसाठी एक साधा प्रयोग केला. सारख्या मापाच्या दोन मातीच्या कुंड्या, सारखं मिश्रण, रोप नाही. दोन्ही एकाच वेळी पूर्ण भिजवल्या. खिडकीतली सहा दिवसांत वाळली. कप्प्यातलीला पंधरा दिवस लागले, तेही भोक असलेल्या, झिरपणाऱ्या मातीच्या कुंडीत. म्हणून "आठवड्यातून एकदा पाणी" असा सल्ला मी देत नाही. तो कुठल्या खिडकीतला आठवडा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माझी चूक

कुजलेली मुळं कापून झाल्यावर दोन पांढरट, टणक मुळं शिल्लक होती. मी ठरवलं, एवढ्यावर रोप तगेल. मुळं धुतली, एक दिवस सावलीत सुकवली, आणि कोरड्या मिश्रणात लावलं. खोड आडवं कापून आत बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. रोप अखंड राहावं असं आत्याला वाटत होतं आणि मलाही.

नवव्या दिवशी खोडाचा तळ काळा पडला होता. कूज मुळांतून खोडात आधीच चढली होती, बाहेरून दिसत नव्हती इतकंच. त्या नऊ दिवसांत ती सुमारे दोन सेंटिमीटर वर सरकली. सुदैवाने उजेड शोधताना खोड लांबलं होतं, म्हणून कापायला जागा उरली. बुटक्या रोपात एवढी सवड मिळाली नसती.

छाटणी

सुरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि कुजीच्या वर पहिला काप घेतला. कापलेल्या चकतीत मधोमध तपकिरी वलय दिसलं. ते वलय म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांमधून कूज पुढे गेल्याची खूण. सुरी पुन्हा पुसली, अर्धा सेंटिमीटर वर दुसरा काप. वलय फिकट, पण होतं. तिसऱ्या कापाला संपूर्ण चकती एकसारखी फिकट हिरवी निघाली, तेव्हा थांबले. दोन कापांच्या मध्ये सुरी पुसणं मी कधी टाळत नाही, नाहीतर आपणच कूज वर पोचवतो. खालचा भाग मातीसकट टाकून दिला.

हातात आता पानांच्या चक्राचा शेंडा आणि दीड सेंटिमीटर खोड उरलं. तो शेंडा रिकाम्या पेल्याच्या तोंडावर, खोड खाली लोंबतं ठेवून, सावलीत ठेवला. सहा दिवसांत काप वाळून त्यावर कोरडी खपली धरली. ही खपली धरण्याआधी ओल्या मातीत लावलं तर पुन्हा कूज होण्याची वाट आपणच उघडतो. आत्याला हा काळ फार जड गेला. "अगं, मुळं नाहीत, माती नाही, पाणी नाही. हे जगणार कसं?" ती रोज विचारायची. मी तिला पान दाबून बघायला सांगायचे. जाड पानं हीच त्याची शिदोरी आहे, काही आठवडे ती पुरते.

नवी कुंडी साधी, झिलई नसलेली मातीची, नऊ सेंटिमीटरची, भोक असलेली. मिश्रण एक भाग चाळलेली कुंडीची माती आणि दोन भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) व जाड, धुतलेली खडेरी वाळू. बारीक वाळू घालू नये, ती पोकळ्या बुजवते आणि नेमकं उलटं काम करते. शेंडा या मिश्रणावर टेकवला, दोन खडे लावून स्थिर केला, आणि पाणी दिलं नाही. सतराव्या दिवशी हलकेच उचलून बघितलं तर गुलाबीसर पांढरी तीन मुळं फुटलेली. तेव्हा पहिलं पाणी: भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि बशीत उतरलेलं लगेच ओतून टाकलं. चमच्या-चमच्याने दिलेलं पाणी वरचाच थर ओला ठेवतं, मुळांना खाली जायचं कारण देत नाही.

चांगली सात पानंही मी खोडापासून पूर्ण टोकासकट, तुकडा मागे न ठेवता, डावीकडे उजवीकडे हलवत काढली होती. ती कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवली, पुरली नाहीत. शेंडा दगावलाच तर ही राखीव फौज. सातांपैकी तीन वाळून गेली, चौघांना मुळं आली, पैकी तिघांना टोकाशी चिमुकली रोपं फुटली. उरलेल्या एका पानाला लांबलचक मुळं आहेत आणि रोप काही केल्या येत नाही. असंही होतं. आत्या त्याला टाकू देत नाही.

ऊन आणि मेण

शेंडा पूर्वेच्या खिडकीत नेताना मी पहिल्या आठवड्यात पातळ पडद्याआड ठेवला, मग रोज थोडा पडदा सरकवत गेले. रोप सुधारतंय हे बघून तिसऱ्या आठवड्यात आत्याने उत्साहाने ते एक दिवस गच्चीत भर उन्हात ठेवलं. संध्याकाळी पानांवर फिकट, मग तपकिरी डाग उमटले. कप्प्यातल्या अंधारात तयार झालेल्या पानाला असं ऊन सोसत नाही. पण डाग कुठे पडले ते बघण्यासारखं होतं: पुसलेल्या बाहेरच्या पानांवर मोठे, आणि आतल्या, नंतर उगवलेल्या, मेण शाबूत असलेल्या पानांवर जवळजवळ नाहीतच. भाजलेला डाग जात नाही. पान जगतं, पण डाग घेऊनच. आम्ही ती पानं तशीच ठेवली, कारण ती अन्न तयार करत होती.

लांबलेलं खोड मात्र कितीही उजेड मिळाला तरी आखडत नाही. नवी पानं जवळजवळ येतात, जुनी अंतरं तशीच राहतात. छाटून शेंडा पुन्हा लावणं हाच त्यावरचा उपाय, आणि तो इथे नाइलाजाने होऊन गेला होता.

पिठ्या ढेकूण

दोन महिन्यांनी पानांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीतही तेच होते. दोन्ही कुंड्या लगेच वेगळ्या केल्या. कापसाची काडी सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक ठिपक्याला टेकवली. पूर्ण पानावर अल्कोहोल चोळू नये, तेही मेण काढतं. एका वेळेत काम होत नाही, कारण अंडी वाचतात आणि पिल्लं पुढच्या आठवड्यात बाहेर येतात. दर सात दिवसांनी, चार वेळा केलं. मुळांवरही पिठ्या ढेकूण बसतात, म्हणून एकदा गड्डा उचलून बघितला. मुळं स्वच्छ होती. सकाळचा फवारा आत्याने तोपर्यंत बंद केलेलाच होता. बेचक्यात साचणारं पाणी कुजीला आमंत्रण देतं आणि रोपाची तहान त्याने भागत नाही.

वजनकाटा

पाणी कधी द्यायचं हा आत्याचा खरा प्रश्न होता, आणि "माती वाळल्यावर" या उत्तराने तिचं समाधान होत नव्हतं. तिचं बरोबर होतं. वरून कोरडी दिसणारी कुंडी तळाशी ओली असते, आणि बोट तिथवर पोचत नाही. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. पूर्ण भिजवून, पाणी निथळल्यावर कुंडीसकट रोप भरलं ३८६ ग्रॅम. रोज सकाळी वजन करत गेलो. नऊ दिवसांनी ते २९१ वर येऊन थांबलं. ९५ ग्रॅम पाणी येतं आणि जातं, एवढा हा सगळा खेळ. नियम ठरला: वजन २९१ च्या जवळ स्थिरावलं की आणखी तीन दिवस थांबायचं, तळाचं पान दाबायचं, ते किंचित मऊ लागलं तरच पाणी. ढगाळ किंवा थंड दिवसांत हे नऊ दिवस सहज चौदा होतात, आणि काटा ते आपोआप सांगतो. रोप वाढेल तसं कोरडं वजनही वाढणार, म्हणून दर दोन महिन्यांनी आकडा नव्याने घ्यायचा.

खताबद्दल आत्याने विचारलं. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. त्याहून जास्त विचार या रोपाला लागत नाही.

सात महिने झाले. चक्र मुठीएवढं आहे, घट्ट मिटलेलं, मधल्या पानांवर पांढरं मेण जसंच्या तसं. बाहेरच्या घेरात डाग पडलेली चार पानं अजून आहेत. काल सकाळी आत्याचा फोन आला. "२९४ भरलं. पान अजून टणक आहे. थांबते."